बर्फ बघायला नाही, घसरायला

हिवाळ्यातल्या सकाळी क्लाइने शायडेगच्या फलाटावर दोन गर्द्या एकमेकींना ओलांडून जातात. पहिली आपली. मुंबई-पुण्याहून आलेली, टूर मॅनेजरच्या उंचावलेल्या हाताकडे लक्ष ठेवणारी, युंगफ्राउयोखच्या गाडीत खिडकी मिळेल की नाही या विवंचनेतली. दुसरी गर्दी खांद्यावर स्की टाकून जड बुटांनी खडखडत उतरते, स्टेशनाबाहेर दहा-वीस पावलं चालते, बूट स्कीवर दाबते आणि बघता बघता उतारावरून दिसेनाशी होते. पहिली गर्दी दुसरीचे फोटो काढते. दुसरीला पहिलीकडे बघायला सवड नसते.

स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांड भागातलं हे स्टेशन २,०६१ मीटर उंचीवर आहे आणि आल्प्सची सहल केलेल्या कितीतरी मराठी माणसांनी ते पाहिलेलं आहे. लक्षात मात्र थोड्यांच्या राहतं, कारण आपल्या लेखी ते गाडी बदलायचं ठिकाण. आपण इथून ३,४५४ मीटरवर जातो, बर्फाचे गोळे एकमेकांना मारतो, वर चक्क भारतीय जेवण मिळतं ते जेवतो आणि संध्याकाळच्या आत खाली येतो. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, तोही पाहतो. आल्प्स आपल्यासाठी सिनेमाने दाखवलेला देखावा आहे. जिथे आपण गाडी बदलतो तिथेच युरोपातल्या जुन्या आणि नामांकित स्की-उतारांपैकी काही सुरू होतात, ही गोष्ट सहलपत्रिकेत सहसा नसते.

आता चित्र थोडं बदलतं आहे. सह्याद्री पालथा घालून मग हिमालयात जाणारी पिढी, परदेशात नोकरीनिमित्त राहून आलेली जोडपी, बर्फात नुसतं उभं राहण्याला कंटाळलेली मुलं यांच्याकडून प्रश्न येऊ लागला आहे, की एकदा स्कीइंग शिकायचं म्हटलं तर कुठे जावं? माझं उत्तर आल्प्समधलं जुनं गाव हे आहे. पण त्याची कारणं लोक समजतात ती नव्हेत. आल्प्सचा बर्फ जगात सर्वांत चांगला, हे खरं नाही. जपानच्या होक्काइडोत पडतो तसा हलका, कोरडा बर्फ आल्प्सला क्वचित मिळतो आणि गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर ताज्या हिमवर्षावानंतर जे मिळतं त्यासाठी युरोपातले कसलेले स्कीपटू काश्मीर गाठतात. आल्प्सकडे दुसरी एक गोष्ट आहे. ज्याला काही येत नाही, अशा माणसाला डोंगरावर नेऊन धडधाकट खाली आणायचा शंभरहून अधिक वर्षांचा सराव त्या गावांच्या अंगी मुरला आहे.

हा सराव कसा आला, ती कथा मजेशीर आहे आणि तिचे दोन धागे भारतातून निघतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्समध्ये हिवाळा म्हणजे दारं लावून बसायचे महिने. पाहुणे उन्हाळ्यात येत, ऑक्टोबरात हॉटेलं बंद होत. सेंट मॉरिट्झचे हॉटेलवाले योहानेस बाद्रुट यांनी १८६४ साली आपल्या इंग्रज गिऱ्हाइकांशी पैज लावली असं सांगतात: हिवाळ्यात येऊन पाहा, आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. मंडळी आली आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांनी परतली. पैजेच्या तपशिलात नंतर बरीच भर पडली असणार, पण हिवाळी पर्यटनाचा आरंभ म्हणून तिकडे हीच गोष्ट सांगितली जाते. त्याच काळात दाव्होसला क्षयरोगी जाऊ लागले होते. कोरडी थंड हवा आणि भरपूर ऊन हाच तेव्हाचा उपचार. आर्थर कॉनन डॉइल आपल्या आजारी पत्नीला घेऊन तिथे राहिले. शेरलॉक होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात नुकतंच ढकलून झालं होतं, हाताशी वेळ होता. मार्च १८९४ मध्ये त्यांनी ब्रांगर नावाच्या दोन स्थानिक भावांबरोबर स्कीवरून खिंड ओलांडून आरोसा गाठलं आणि त्यावर ‘स्ट्रँड’ मासिकात विनोदी अंगाने लेख लिहिला. एक दिवस इंग्रज माणसं खास स्कीइंगच्या मोसमासाठी स्वित्झर्लंडला येतील, असं भाकीत त्यांनी त्यात करून ठेवलं. होम्सच्या कुठल्याही तर्काइतकं ते अचूक ठरलं.

ते खरं करणाऱ्या माणसांत लन पितापुत्र येतात. हेन्री लन हे मेथडिस्ट पंथाचे वैद्यकीय मिशनरी म्हणून भारतात आले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी निरनिराळ्या चर्चपंथांचा समेट घडवण्यासाठी ग्रिंडेलवाल्डला परिषदा भरवल्या. समेट राहिला बाजूला, पण माणसांचे जथे आल्प्सला नेण्या-आणण्याची कला त्यांना साधली आणि त्यातून प्रवास कंपनी उभी राहिली. त्यांचा मुलगा आर्नल्ड लन १८८८ साली मद्रासमध्ये जन्मला. याच आर्नल्डने १९२२ साली म्यूरेन गावी उतारावर काठ्या रोवून, त्यांच्यामधून वळणं घेत उतरण्याची शर्यत लावली. आजची स्लॅलम ती हीच. नॉर्वेवाल्यांच्या लेखी स्कीइंग म्हणजे लांब चाल आणि स्कीवरची उडी. नुसतं उतारावरून वेगाने खाली येणं त्यांना खेळ वाटत नव्हतं. लन भांडत राहिले. १९३१ मध्ये डाउनहिल आणि स्लॅलमची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्यूरेनलाच भरली.

दुसरा धागा म्हणजे कंदाहार. आल्प्समध्ये हे नाव शर्यतींना आहे, क्लबाला आहे, एके काळी स्कीला बूट अडकवण्याच्या पट्ट्यालाही होतं. आल्प्सच्या बर्फात अफगाणिस्तानातलं शहर कुठून आलं? कानपूरला जन्मलेले ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स १८८० मध्ये काबूलहून कंदाहारपर्यंत फौज घेऊन गेले आणि त्या मोहिमेवरून त्यांच्या उपाधीत कंदाहार आलं. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंतानाला उतारावरची एक आद्य शर्यत झाली, तिच्या चषकाला त्यांचं नाव देण्यात आलं. पुढे १९२४ साली म्यूरेनला स्थापन झालेल्या क्लबाने कंदाहार हे नाव उचललं. १९२८ पासून ऑस्ट्रियातल्या सेंट अँटनला आर्लबर्ग-कंदाहार शर्यत भरू लागली. साम्राज्याची लढाई अशी गुळगुळीत होऊन खेळात शिरली.

इंग्रजांच्या या उत्साहाला डोंगरातल्या रेल्वेने बळ दिलं, आणि नवशिक्याच्या दृष्टीने खरा मुद्दा इथे सुरू होतो. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे क्लाइने शायडेग आणि पलीकडे ग्रिंडेलवाल्ड अशी दातेरी रुळांची गाडी १८९३ पासून आहे. पुढचा, आयगर डोंगराच्या पोटातून जाणारा रस्ता १९१२ साली युंगफ्राउयोखला पोचला. तेव्हा स्कीसाठी लिफ्ट नव्हत्या. दाव्होसला माणसांना ओढून वर नेणारी पहिली दोरीची लिफ्ट १९३४ ची. तोवर बाकी आल्प्समध्ये बहुतेक लोक स्कीला कातडी पट्टे लावून तास-तास चढत आणि मग काही मिनिटांत उतरत. वेंगेनच्या पाहुण्यांना मात्र चढायला गाडी होती. १९२५ मध्ये इथल्या इंग्रजांनी क्लब काढला आणि त्याला नाव दिलं ‘डाउनहिल ओन्ली’. चढायचं काम रेल्वेचं, आमचं फक्त उतरायचं! क्लब अजून चालू आहे.

वेंगेन १,२७४ मीटरवर, दरीच्या काठावरच्या सपाटीला वसलेलं आहे. गावात बाहेरून मोटारीने पोचता येत नाही, रस्ताच नाही. येतात ते गाडीने. झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून इंटरलाकेनला, तिथून लाउटरब्रुनेनला आणि मग दातेरी गाडीने वर. सामान ओढत निसरड्या घाटातून साखळ्या लावलेली मोटार हाकायची वेळ येत नाही. ज्याने आयुष्यात बर्फावर गाडी चालवलेली नाही, अशा माणसाला याचं मोल कळेल.

गावाच्या मध्यावर नवशिक्यांचा उतार आहे. इतका सौम्य, की वरून पाहणाऱ्याला त्याचं हसू यावं. मुलांना वर नेण्यासाठी जमिनीवरून सरकणारा पट्टा असतो, त्यावर नुसतं उभं राहायचं. स्की-शाळेची माणसं लाल पोशाखात. त्यांच्या शिकवण्यात आरडाओरडा नसतो, तत्त्वज्ञानही नसतं. स्कीची पुढची टोकं जवळ आणा, मागची फाकवा, की वेग मरतो. मुलांना ते ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात, पिझ्झ्याच्या त्रिकोणी तुकड्यासारखा आकार होतो म्हणून. तीन वर्षांची पोरं पिझ्झा करत सरळ उतरतात, आणि बाजूला चाळिशीतले बाप गुडघे आखडून, सगळा भार मागे टाकून पडतात. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरलेल्या माणसाला हे चटकन उमगावं: नाळेत भार मागे टाकला की पाय सुटतो, पुढे झुकून पावलावर भार दिला की दगडही साथ देतात. स्कीचं हेच आहे. भीती मागे ओढते, आणि मागे झुकलं की स्की ताब्यात राहत नाही. पहिले दोन दिवस शरीराला एवढंच पटवण्यात जातात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुरुजी वर नेतात आणि जुन्या रेल्वेगावाचा खरा फायदा तिथे कळतो. नवशिक्याची सर्वांत मोठी भीती पडण्याची नसते, अडकण्याची असते. वर आलो खरे, आता हे आपल्याला उतरवत नाही, मग काय? वेंगेनला याचं उत्तर सोपं आहे. स्की काढायच्या, खांद्यावर टाकायच्या आणि पुढच्या गाडीत बसायचं. मधल्या स्टेशनांवरही चढता येतं. गावाच्या वरच्या मेनलिशेन डोंगरावरून खाली यायला केबल कार आहे. परतीची वाट नेहमी उघडी, हे माहीत असलं की माणूस निम्मी भीती खालीच ठेवून येतो.

दुसरा फायदा खास आपल्या कुटुंबांचा. मराठी घर सुटीला निघतं तेव्हा आजी-आजोबा असतात, एखादी गुडघा दुखणारी मावशी असते, ‘मला नाही बाई ते जमायचं’ म्हणणारी सून किंवा जावई असतो. स्कीच्या अनेक ठिकाणी न घसरणाऱ्या माणसाला दिवसभर हॉटेलात बसावं लागतं. इथे आजी गाडीने क्लाइने शायडेगला येते आणि उन्हात बसून आयगरच्या उत्तर भिंतीकडे पाहते. १९३८ साली ती भिंत पहिल्यांदा सर होईपर्यंत तिने कित्येक जीव घेतले होते. नातवंडं घसरत घसरत जेवायला तिथेच येतात. मेनलिशेनवर बर्फातून चालायची वाट आखलेली आहे. घसरगाडीचे वेगळे रस्ते आहेत. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही: किसलेल्या बटाट्याची रोश्टी आहे, चीजचं फोंड्यू आहे, आणि मॅकरोनी, बटाटा नि चीज एकत्र शिजवून सफरचंदाच्या गराबरोबर वाढतात तो गुराख्यांचा पदार्थ आहे. सात दिवस रोज चीज खाऊन जीव उबतो हेही खरं. लोणच्याची बाटली बॅगेत असू द्यावी.

स्पर्धा पाहायची असेल तर जानेवारीच्या मध्यात इथे लाउबरहॉर्नची शर्यत असते. १९३० पासूनची. जवळजवळ साडेचार किलोमीटरचा उतार, विश्वचषक मालिकेतला सर्वांत लांब, अडीच मिनिटांचा खेळ. एका ठिकाणी स्पर्धक चक्क रेल्वेच्या रुळांखालच्या बोगद्यातून जातात. २०१३ मध्ये फ्रान्सचा योहान क्लारे इथे ताशी १६१.९ किलोमीटर वेगाने गेला. शर्यतीचे दिवस सोडले तर या उताराचा बराच भाग सामान्यांना खुला असतो. तिथे उभं राहून खाली बघितलं, की दूरचित्रवाणीचा कॅमेरा उतार किती सपाट करून दाखवतो ते समजतं.

पण डोंगर हा मुळात डोंगर आहे. त्याला घसरण्याजोगा करण्यामागे जी यंत्रणा आहे ती पर्यटकाला दिसत नाही, आणि आल्प्सच्या निवडीचं माझ्या मते ते सर्वांत भक्कम कारण आहे.

सुरुवात गाईंपासून होते. तिकडे ज्याला पिस्त म्हणतात, म्हणजे आखलेला, दाबून गुळगुळीत केलेला उतार, तो उन्हाळ्यात कुरण असतो. शतकानुशतकं चरून, कापून, दगड वेचून ही कुरणं मऊ झालेली आहेत. त्यामुळे थोडा बर्फ पडला तरी उतार झाकला जातो. खडकाळ डोंगराला त्याच्या कितीतरी पट बर्फ लागतो. जमीन शेतकऱ्यांची किंवा गावकीची, उतार वापरायला त्यांची संमती लागते. हिवाळ्यात लिफ्टवर तिकीट तपासणारा किंवा शाळेत शिकवणारा माणूस उन्हाळ्यात गुरं राखणारा, सुतारकाम करणारा असू शकतो. दिवस मावळला की उतार बंद होतात आणि बर्फ सारखा करणारी यंत्रं रात्रभर फिरतात. फार तीव्र चढावर त्यांना वरून तारेने बांधून सोडतात. सकाळी पहिल्या गाडीने वर जाणाऱ्याला जो कोऱ्या रेघांचा उतार मिळतो तो या रात्रपाळीचा.

रंगांची भाषा सोपी आहे. निळा उतार सोपा, तांबडा मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. नियमांचा गाभा असा, की वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. खालचा नवशिका वाटेल तसा वळला तरी जबाबदारी वरच्याची. आपल्या रस्त्यांवर हे लागू झालं तर काय होईल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

हिमस्खलनाचं शास्त्रही इथेच वाढलं. दाव्होसच्या वर वाइसफ्लूयोख इथे १९३६ मध्ये संशोधकांनी बर्फाचे थर तपासायला खोपट उभारलं, त्यातून आजची स्विस संस्था आली. हिवाळ्यात ती दररोज संध्याकाळी आणि सकाळी धोक्याची पत्रिका काढते, १ ते ५ अशा पायऱ्यांत. हे ज्ञान स्वस्तात आलेलं नाही. १९५०-५१ च्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये नव्वदहून अधिक माणसं हिमस्खलनात गेली. १९९९ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियाच्या गाल्ट्यूर भागात ३८ जणांचा बळी गेला, तेही राहत्या वस्तीत. आज आखलेल्या उतारावर, तो उघडा असताना, हिमस्खलनात सापडणं अत्यंत दुर्मीळ आहे. मरतात ते मुख्यतः आखलेल्या हद्दीच्या दोरीपलीकडे, स्वतःच्या वजनाने बर्फ सुटून. तेव्हा पहिल्या वर्षी दोरी ओलांडायची नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुरे.

आता आल्प्सच्या बाजूने बोलताना जी गोष्ट झाकली जाते ती. बर्फ कमी होतो आहे. २०२३ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनला विश्वचषकाची शर्यत हिरव्या डोंगरात आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर झाली आणि ग्श्टाडला उतार जोडण्यासाठी हेलिकॉप्टरने बर्फ वाहिला, त्यावर टीकाही झाली. २००७ मध्ये ओईसीडी या संघटनेने आल्प्समधल्या ६६६ स्की-क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतली ६०९ तेव्हा नैसर्गिक बर्फाच्या भरवशावर चालण्याजोगी होती. तापमान एक अंशाने वाढलं तर ५००, दोन अंशांनी वाढलं तर ४०४ उरतील, असा हिशेब. मोजमापाची कसोटी अशी, की हंगामात किमान शंभर दिवस उतारावर पुरेसा बर्फ हवा. कृत्रिम बर्फाच्या तोफा आता सगळीकडे आहेत, पण त्यांनाही थंडी लागतेच. हवा शून्याच्या वर आणि दमट असेल तर तोफ म्हणजे फवारा.

म्हणून गावाची उंची बघण्यापेक्षा उतारांची उंची बघावी. वेंगेन गाव फारसं उंच नाही. डिसेंबरात गावापर्यंत बर्फ नसण्याची शक्यता असते. पण तिथले बरेच उतार दीड ते अडीच हजार मीटरच्या पट्ट्यात आहेत, आणि खालचा तुकडा उघडा पडला तर गाडी आहेच. बर्फाची खात्रीच हवी असेल तर फ्रान्सची उंचावरची वसाहतगावं आहेत. व्हाल तोराँस २,३०० मीटरवर, तीन्य २,१०० वर. १९६० च्या दशकापासून सरकारी योजनेतून डोंगरात काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या, दारातून बाहेर पडलं की स्की पायात. व्हाल तोराँसला तर शेजारच्या दऱ्या जोडून सहाशे किलोमीटरचे उतार एका पासावर मिळतात. सोय आहे यात वाद नाही. पण ज्याला पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटरसुद्धा पुरतील त्याने सहाशेचे पैसे का भरावेत? शिवाय संध्याकाळी चालायला गाव नाही, न घसरणाऱ्याला करायला काही नाही. मुरलेल्या मित्रमंडळींनी जावं, कुटुंबाने नको.

झेरमाट हा या वादातला तोडगा आहे आणि तो महाग आहे. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं, तेही मोटारींना बंदी असलेलं गाव, वर ३,८०० मीटरच्याही पलीकडे केबल कार, हिमनदीवर बारमाही स्कीइंग, २०२३ पासून तारांवरून थेट इटलीत उतरायची सोय. खर्च ऐकून घाबरणाऱ्यांनी ऑस्ट्रियाकडे वळावं. सेंट अँटनजवळ १९०१ मध्ये स्की क्लब निघाला, तिथल्या हानेस श्नायडरने वळणं शिकवण्याची पद्धत बसवली आणि ती जगभर गेली. १९३८ मध्ये नाझींनी त्याला अटक केली, पुढे तो अमेरिकेला गेला आणि तिथेही शाळा चालवली. आजचं सेंट अँटन मात्र नवशिक्यासाठी जरा राकट आहे. टिरोलमधली आसपासची छोटी, कमी नावाजलेली गावं बरी. स्विस गावापेक्षा तिथलं जेवण, शिकवणी आणि खोली बहुधा स्वस्त पडते.

मग गुलमर्ग का नको? नको असं मुळीच नाही. २,६५० मीटरच्या आसपासचं ते पठार, तिथले सरकारी प्रशिक्षणवर्ग, खर्च आल्प्सच्या तुलनेत नगण्य. ज्याला स्कीइंग आवडतं की नाही हेच ठाऊक नाही त्याने आधी तिथे जावं. अडचण त्यापुढे येते. पठारावरचे बालउतार आणि गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरचा जवळजवळ ४,००० मीटरचा, न दाबलेला, तज्ज्ञांचा डोंगर यांच्या मधला जिना तोकडा आहे. निळ्यावरून तांबड्यावर, एकातून दुसऱ्यात सरकत जाणाऱ्या शंभर वाटा तिथे नाहीत. आणि बर्फाचा भरवसा तिथेही सुटत चालला आहे. २०२४ चा जानेवारी कोरडा गेला, २०२५ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला. तरीही बारामुल्ल्याच्या आरिफ खानने तिथेच शिकून २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत मजल मारली, हे विसरता येत नाही.

युरोपात राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटतो. बाझेलच्या औषध कंपन्यांत किंवा झुरिकच्या बँकांत नोकरीला गेलेल्या आई-बापांची मुलं शाळेच्या स्की-शिबिराला जातात. फेब्रुवारीत तिथे त्यासाठी सुटीही असते. दोन हिवाळ्यांत पोरगं तांबड्या उतारावर आणि आई-वडील अजून पट्ट्यापाशी. अशा घरी पाहुणे म्हणून जाणार असाल तर सहलीचा निम्मा प्रश्न मिटला. कुठल्या गावाची शाळा धीराने शिकवते हे त्यांना अनुभवाने माहीत असतं.

आपल्यासारख्यांपुढे अडचण आहे ती वेळापत्रकाची. दिवाळीच्या सुटीत आल्प्समध्ये फक्त हिमनद्यांवरचे उतार उघडे असतात. मे महिन्यातही तेच. मार्च सर्वांत सुखाचा, दिवस मोठा, ऊन उबदार, बर्फ भरपूर. पण तेव्हा मुलांच्या परीक्षा. फेब्रुवारीत युरोपातल्याच शाळांच्या सुट्या असतात, गर्दी आणि दर दोन्ही चढतात. राहतो नाताळ. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महागडा, आणि अलीकडे बर्फाच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाचा. शाळेचा आठवडा बुडवायची तयारी असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा घ्यावा. पहिलीतल्या मुलाचं काही बुडत नाही.

खर्च लपवण्यात अर्थ नाही. युंगफ्राउ भागात प्रौढाचा एका दिवसाचा लिफ्ट-पास सत्तर फ्रँकांच्या वर जातो, आणि फ्रँक शंभर रुपयांच्या पलीकडे गेला त्यालाही आता काळ लोटला. त्यावर शिकवणी, स्की-बूट-हेल्मेटचं भाडं, खोली, जेवण. पण पहिले दोन-तीन दिवस पूर्ण क्षेत्राचा पास घ्यायची गरजच नसते, नवशिक्यांच्या उतारापुरतं तिकीट वेगळं मिळतं. स्की विकत घेऊ नयेत, बूटही नाहीत. विकत घ्यावेत ते हातमोजे, चांगल्यातले. आणि विम्याचं कलम डोळ्यांत तेल घालून वाचावं. नेहमीच्या प्रवासविम्यातून हिवाळी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणलं तर त्याचं बिल येतं.

जानेवारीत जायचं तर दोन-अडीच महिने आधी तयारीला लागा. व्हिसाला तेवढे लागू शकतात. तेवढ्यातच मांड्यांना कामाला लावा. रोज लिफ्ट सोडून जिना आणि वीस-पंचवीस उठाबशा, कारण पहिल्या दोन दिवसांत स्कीपेक्षा मांड्याच जास्त बोलतात. बुकिंग करताना मात्र हॉटेलाच्या खिडकीतून कुठलं शिखर दिसतं हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा: नवशिक्यांचा उतार दारापासून किती पावलांवर आहे, वरून स्की न करता खाली यायची सोय आहे का, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या वर्गात जागा आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, की खोलीच्या आधी त्या वर्गाचे पैसे भरा. त्या जागा आधी संपतात.